निकम मास्तरांचा चिरलेला दस्ता

“…तर मग दुरुस्त करू, का परत करू? तेवढं सांगा बाबा.”

निकम मास्तरांनी रायफल मांडीवर आडवी घेतली आणि खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावरची चीर पुढं केली. डॉक्टरला जीभ दाखवावी तशी.

कासमबाबा शेळीच्या खुरातला काटा काढत होते. ते म्हणाले, आधी हिचं होऊ दे, ही तुझ्याआधी आलीय.

मास्तर थांबले. थांबायची त्यांना सवय नव्हती. हायस्कूलचे ड्रिलमास्तर ते. आयुष्यभर ‘सावधान’ म्हणून दुसऱ्यांना थांबवलेलं. घरात त्यांना ठसका लागला तरी बायको पाय जुळवून उभी राहते, असं गावातली वात्रट माणसं सांगतात. गाव वात्रटच आहे.

रायफल छर्ऱ्याची. नळी वाकवायची, एकेक छर्रा भरायचा, उडवायचा. माणूस मरत नाही तिनं. अब्रू तेवढी जाऊ शकते.

कासमबाबांचा तकिया गावाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या तोंडाशी. एक खोली, एक कडुलिंब, एक शेळी आणि एक फकीर, एवढाच पसारा. त्याच खाणीत गावच्या नेमबाजी मंडळाचा रविवारी सराव चालतो. बाबांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. पण कान काय बंद करता येतात? छर्रा पत्र्याच्या निशाणाला लागला की ठण्. चुकून मागच्या कातळावर गेला की ठप्. ऐकून ऐकून शेळीसुद्धा तयार झाली होती. ठण् झालं की मान वर करायची, ठप् झालं की चरत राहायची.

मास्तर म्हणजे बाबांचे शिष्य. निदान मास्तर तरी तसं सांगत. बाबांना कुणी विचारलं तर ते म्हणत, दर गुरुवारी साखर आणतो बिचारा, नाही कसं म्हणायचं.

आता दसरा तोंडावर आला होता, आणि घोळ सगळा दसऱ्याचाच होता.

त्याचं असं. दसऱ्याला सोनं लुटायला सगळं गाव खाणीच्या माळावर येतं. तिथल्या आपट्याला मातीचं बोळकं टांगतात. आत गुलाल. मंडळाचा एक नेमबाज लांबून बार टाकतो, बोळकं फुटतं, गुलाल उडतो आणि मगच लोक आपट्याच्या पानांना हात लावतात. त्या बाराचा मान निकम मास्तरांचा. बघायला आलेली पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची पोरं खांद्यावर बसून बघायला लागली, तरी मान मास्तरांचाच. त्या एका दिवशी मास्तर असा फेटा बांधत, की आरशालासुद्धा वाकून नमस्कार करावासा वाटावा.

यंदा उन्हाळ्यात मात्र काहीतरी बिनसलं.

ठप्.

पुन्हा ठप्.

मास्तर म्हणाले, दस्त्याला वाळवी लागलीय, आतून पोकळ झालाय. पटण्यासारखं होतं, वाळवी होतीच. पुण्याच्या दुकानातून अक्रोडाच्या लाकडाचा नवाकोरा दस्ता मागवला. श्रावणात पार्सल आलं. मंडळातल्या सगळ्यांसमोर उघडलं, तर मुठीजवळ बोटभर चीर.

लोक हळहळले. मास्तरांनी मात्र तोच दस्ता रायफलीला चढवला आणि त्या दिवशी घरी जाऊन दोन पुरणपोळ्या जास्त जेवले. का, ते कुणी विचारलं नाही.

दुकानदार भला निघाला. फोनवर म्हणाला, दसऱ्याच्या आत कधीही परत धाडा, नवा देतो. गावचा सुतारही भला निघाला. म्हणाला, चिरेत सरस भरतो, वरनं पितळी पट्टी मारतो, लाकूड जाईल पण सांधा जायचा नाही. दोन्ही वाटा मोकळ्या. मास्तर मात्र फाट्यावरच उभे.

त्यांनी तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला परत करा. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला दुरुस्त करा. एसटीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला पुढं सरका.

तोवर पोस्टातली कुंदा शेलार मंडळाच्या सामाईक रायफलीनं ठण् ठण् वाजवत होती. ती रायफल म्हणजे सगळ्यांच्या हातांखालून गेलेली, दस्त्याला सुतळी गुंडाळलेली, मंडळातली म्हातारी. पण कुंदाच्या हातात गेली की म्हातारी नीट बोलायची. शेवटी अध्यक्षांनी तोंडात साखर घोळवत मास्तरांना सांगून टाकलं, की दसऱ्याच्या आधी दस्त्याचं काय ते बघा, नाहीतर यंदाचं बोळकं कुंदाताई फोडतील.

म्हणून मास्तर गुरुवार नसताना, साखर न घेता आले होते.

काटा निघाला. शेळी उठून लंगडत चालली, मग लंगडायचं विसरून चालली.

“हं. काय म्हणत होतास?”

मास्तरांनी पहिल्यापासून सांगितलं. परत पाठवला, तर नवा काही दसऱ्याच्या आत यायचा नाही, मग ती सुतळीवाली हातात धरावी लागणार. शिवाय पार्सल करायचं म्हणजे पोस्टात जायचं, आणि पोस्टाच्या खिडकीत बसणार कोण, तर कुंदा. तीच वजन करणार, तीच शिक्का मारणार. बरं, दुरुस्त करावा, तर दुकानदार मागाहून परत घेणार नाही. सांधा नाहीच टिकला तर दोन्हीकडून गेलं.

“तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं बाबा?”

“तुझ्या जागी असतो, तर माझ्याकडं आलो नसतो.”

मास्तर हसले नाहीत. ड्रिलमास्तरांना हसायचं असलं तर आधी ‘विश्राम’ म्हणावं लागतं.

बाबांनी दस्ता हातात घेतला. चिरेवरून अंगठा फिरवला. चीर त्यांना आवडल्यासारखी दिसली.

“मला बंदुकीतलं काय कळत न्हाई, मास्तर. पर दर रविवारी तुझं दोन आवाज येतात. पैला, ठप्.”

“…आणि दुसरा?”

“दुसरा, ‘दस्ता’.”

मास्तरांचे कान तापले. मग त्यांनी बाबांना शास्त्र समजावलं. चीर असली की मूठ दबते, मूठ दबली की नळी हलते, नळी केसभर हलली की तिकडं छर्रा हातभर सरकतो. खोटं काही नव्हतं त्यात. पाटीवर आकृती काढायची तेवढी राहिली. बाबा मान हलवत होते. लांबून शेळीही हलवत होती, पण ती पाल्यासाठी.

“ठेवून जा,” बाबा म्हणाले. “उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या मास्तर हजर.

रायफल कडुलिंबाला टेकवून ठेवलेली. दस्त्याच्या मुठीवर हिरवं फडकं गच्च गुंडाळलेलं, वर गाठ.

“झाला दुरुस्त,” बाबा म्हणाले. “सरस वला हाय. फडकं सोडू नगंस.”

कासमबाबा खोटं बोलत नाहीत असं गावात म्हणतात. गाव वात्रट आहे, तसं भोळंही आहे.

मास्तरांनी रायफल उचलली, मूठ दाबून बघितली. म्हणाले, काय सांधा बसलाय, नुसता दगड. असलं काम पुण्यात होणार नाही. खांद्याला लावली, काढली, परत लावली. सुतार आला होता का, असंही विचारलं. बाबा म्हणाले, येणारे येतात, जाणारे जातात. फकिराला असं बोललेलं चालतं. आपण बोललो तर लोक डॉक्टरकडं नेतात.

मग बाबा खोलीत गेले. पाणी प्यायचं आपलं बोळकं घेऊन आले, माळावर चालत गेले आणि आपट्याच्या फांदीला, दरवर्षी टांगतात त्याच जागी, ते दोरीनं टांगून आले.

“फोड.”

“आत्ता?”

“दस्ता झालाय न्हवं दुरुस्त?”

मास्तरांनी छर्रा भरला. पाय रोवले. गाल दस्त्याला टेकवला, श्वास घेतला, अर्धा सोडला, अर्धा धरला. पोरांना शिकवतात तसं सगळं. बोट चापावर आलं.

…

बोट चापावरच राहिलं.

“वारा आहे,” मास्तर म्हणाले.

बाबांनी बोट ओलं करून वर धरलं. मग बोळक्याकडं बघितलं. बोळकं भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसारखं स्तब्ध होतं.

मास्तरांनी परत नेम धरला.

…

“शेळी मध्ये येईल.”

शेळी मास्तरांच्या मागं उभी होती आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक चघळत होती.

तिसऱ्यांदा नेम धरला तेव्हा मास्तरांच्या तळहाताला घाम सुटला. मागच्या दसऱ्यापर्यंत त्यांना इथनं बोळक्याच्या गळ्यातली दोरीसुद्धा दिसायची. आता बोळकीच दोन दिसत होती. एक खरं, एक त्याला चिकटून जुळं. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. स्वतःलाही धड सांगितली नव्हती. आणि आज, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, दस्ता शाबूत होता. आता ठप् झालं, तर त्याच्या पुढं म्हणायचं काय? खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा, तसं झालं मास्तरांना.

“बाबा… हे फडकं सरकतंय हातात.”

“सोड मग.”

“सरस ओला आहे ना?”

“सोड.”

मास्तरांनी गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा. फडकं खाली पडलं.

चीर होती.

तशीच. बोटभर, काळी, तोंड वासलेली. सरसाचा थेंब नाही, पट्टी नाही, सुताराचा हात नाही.

“हुश्श…”

हे मास्तरांच्या तोंडून निघालं. पार बेंबीच्या देठापासून. कडुलिंबावरचा कावळा उडाला, एवढं मोठं.



…

खरं तर मास्तरांना राग यायला हवा होता. गुरूनं धडधडीत फसवलं होतं, ज्या सांध्याची एवढी वाखाणणी केली तो सांधाच नव्हता. मास्तरांनी राग शोधला. आत सगळीकडं बघितलं. सापडला नाही. सापडलं ते तेवढं हुश्श, अजून गरम.

बाबा खाली वाकून पडलेलं फडकं झटकत होते. मास्तरांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. किंवा होतं.

“आता उडव,” ते म्हणाले.

मास्तरांनी रायफल उचलली. या वेळी वारा नव्हता. शेळीही नव्हती. दोन बोळकी होती, त्यातल्या एकावर नेम धरला आणि चाप ओढला.

ठप्.

बाबांनी कानामागं हात धरला आणि तसेच उभे राहिले. दुसऱ्या आवाजाची वाट बघत.

मास्तरांचं तोंड उघडलं. जीभ वरच्या दातांना जाऊन टेकली, रोजची वाट तिच्या पायाखालची. मग मास्तरांनी चिरेकडं बघितलं. बोळक्याकडं बघितलं. जीभ खाली आली.

…

“उजवीकडं गेला,” मास्तर म्हणाले. “मीच ओढला.”

बाबांचा हात कानामागंच.

“आणि बाबा… मला दोन दिसतात.”

“कवापास्नं?”

“उन्हाळ्यापासून.”

बाबांनी हात खाली घेतला.

मास्तर खाली बसले. चांगले मांडी घालून, पोरं बसतात तसे. खिशातून पेचकस काढला, स्क्रू एकेक करून सोडवले आणि दस्ता वेगळा केला. नळी एका बाजूला ठेवली. बाबांच्या हातातलं हिरवं फडकं मागून घेतलं आणि त्यात दस्ता नीट गुंडाळला, बायको डबा बांधते तसा. गाठ मारली. उठले, गुडघ्याची माती झटकली.

“पोस्ट उघडं असेल का हो अजून? कुंदाबाई पाचपर्यंत बसतात म्हणे खिडकीत. त्यांना बोळक्याचंही सांगून टाकतो.”

बाबा आपट्याकडं बघत होते. बोळकं फांदीला लोंबत होतं. साधा टवकासुद्धा उडाला नव्हता.

“फुटलं एकदाचं,” बाबा म्हणाले.