जुईली आणि बिनपंखांची परी

डोंगरापलीकडे चुडेपूर नावाचं एक चिमुकलं गाव होतं. सकाळी उन्हाची तिरीप दुकानादुकानांतल्या बांगड्यांवर पडायची आणि गल्लीच्या भिंतींवर हिरवे, लाल, जांभळे ठिपके नाचायला लागायचे. मांजरं त्या ठिपक्यांमागे धावायची. आजवर एकाही मांजराला एकही ठिपका पकडता आलेला नाही, पण त्यांनी नाद काही सोडलेला नाही.

या गल्लीत जुईली राहायची. गावातल्या कॉलेजात ती झाडापानांचा अभ्यास करायची आणि पुढे झाडांची डॉक्टर होणार असं सगळ्यांना सांगायची. पण दुसऱ्या वर्षाला ती स्वतःच आजारी पडली. साधंसुधं नाही, कॅन्सर झाला तिला. नाव ऐकून घाबरू नका बरं का. या गोष्टीतला कॅन्सर आधीच हरलेला आहे! शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती महिनोन् महिने राहिली. कडू औषधं प्याली, सुया टोचून घेतल्या. तिचे लांबसडक केस गळले. तरी शेजारच्या खाटेवरचं एखादं पिल्लू रडायला लागलं की ती उशीखालच्या लिमलेटच्या गोळ्या त्याच्या मुठीत सरकवायची. मग एक दिवस डॉक्टर हसून म्हणाले, "बाळ, तू बरी झालीस. जा आता कॉलेजला."

जा म्हणणं सोपं. औषधपाण्यात बाबांचं बांगड्यांचं दुकान गेलं होतं. आता ते खांद्यावर पेटी टाकून दारोदार फिरायचे. आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. घर कसंबसं चालायचं, मग फी कुठून भरायची?

पण खरी पंचाईत निराळीच होती. जुईली आजारी पडली तेव्हा आत्या धावत आली. तिनं दार लावलं, खिडकी लावली, पिंजऱ्यातल्या पोपटावर फडकं टाकलं आणि मग कुजबुजली, "वहिनी, आजाराचं नाव काढायचं नाही. उद्या पोरीचं लग्न व्हायचंय. कावीळ झालीय म्हणून सांगा."

आत्या वाईट नव्हती हं. भाचीवर तिचा फार जीव होता. फक्त चार लोकांची भीती त्याहून मोठी होती. आईबाबांनी घाबरून मान डोलावली, आणि झाली गावभर कावीळ! काविळीला ऊस चांगला म्हणून शेजाऱ्यांनी मायेनं इतका आणून टाकला की दारातून आत शिरायला जागा उरली नाही. जुईली तर शहरात. घर सांभाळायला राहिलेल्या आत्यालाच तो सगळा चघळावा लागला.

कॉलेजलाही कावीळच कळवली होती. काविळीला इतके महिने कसे लागतील? कॉलेजनं वाट पाहिली, पाहिली आणि जुईलीचं नाव कमी केलं. ती परत आली तेव्हा आई म्हणाली, "माझी शपथ आहे तुला, कुणाला काही सांगायचं नाही." मग जुईली आईनं शिवलेला आभाळी रुमाल डोक्याला बांधून गप्प बसली.

कॉलेजच्या मागे बकुळीची एक सुंदर बाग होती. रोज दुपारी जुईली तिथे जाऊन बसायची. घंटा झाली, मुलं हसत वर्गात शिरली की तिला रडूच यायचं. आत जायचं होतं तिला. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

एकदा थंडीच्या दिवसांत असंच झालं. वारा गार गार सुटला होता. बकुळीच्या बुंध्याशी, वाळक्या पानांत काहीतरी चमकलं. जुईली वाकली. अहाहा! करंगळीएवढी परी! गुलबक्षीच्या रंगाचा झगा, पावलांत दवाच्या थेंबांचे पैंजण, आणि डोळे तर मधाच्या थेंबांसारखे. पण बिचारी कुडकुडत होती. तिच्या पाठीवर पंखच नव्हते! त्यांच्या जागी दोन इवलेसे, पोपटी कोंब होते.

"अगं बाई, तुझे पंख कुठे गेले?" जुईलीनं हळूच विचारलं.

"गळले," परी म्हणाली. "आजारी होते ना मी. आता बरी आहे. नवे फुटतायत, दिसतायत ना? छान आहेत की नाही? पण थंडी फार वाजते गं. पंख पांघरून झोपायची सवय."

पंख गळल्याची गोष्ट ही परी किती सरळ सांगून मोकळी झाली! जुईली बघतच राहिली. मग तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीवर हात ठेवून ती थबकली. पण परीचे ओठ निळे पडले होते. जुईलीनं रुमाल काढला, त्याच्या मऊ मऊ घड्या घातल्या आणि परीला आत अलगद गुंडाळून टाकलं.

परी उबेनं गुलाबी झाली. तिनं वर पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, तुझेही नवेच फुटलेत की! कसे भुरभुरीत आहेत! ऐक, तू मला ऊब दिलीस ना, आता माझे दोन वर तुझे."

"दोनच?" जुईलीला हसू आलं.

"तीन देणाऱ्या पऱ्यांचे पंख शाबूत असतात," परी गाल फुगवून म्हणाली. "आणि नियम ऐकून घे. मी पैसे पाडत नाही. परीनं पाडलेल्या पैशांचा सकाळी पाचोळा होतो. मी तुझं मागणं फक्त योग्य जागी पोचवते. आणि झालं असेल तसंच सांगायचं. दुसरंच काही सांगितलंस, तर जे सांगशील त्यालाच वर मिळेल. मग माझ्याशी भांडायचं नाही."

जुईलीनं हात जोडले. सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "परीताई, मला कावीळ झाली होती, म्हणून माझं कॉलेज सुटलं. मला मदत हवी."

झुळ्ळकन रुपेरी चांदणं उडालं. आणि धप्प! समोर उसाची मोळी पडली. पाठोपाठ जुईलीच्या डोक्यावर, काविळीवर उतारा म्हणून घालतात ती माळ आली, ती लांब लांब होत थेट पायापर्यंत उतरली. वर चण्या-गुळाची एक पुडी.

"हे काय?" जुईली ओरडली.

"काविळीला हेच देतात," परी म्हणाली. "छानच आहे की. पण तुला कावीळ झाली होती का?"

जुईली खाली बसली. माळेतून डोकं काढताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एक वर असा उसात गेला होता. आता एकच उरला होता.

"मला खरं सांगता येत नाही," ती म्हणाली. "आईनं शपथ घातलीय. मोडली आणि आईला काही झालं तर?"

परी रुमालातून बाहेर आली आणि तिच्या गुडघ्यावर चढून बसली. "सोने, शपथेनं आयांना काही होत नाही. तुझी आई घाबरली होती, म्हणून तिनं शपथ घातली. तू सांगितलंस तर तिच्याही छातीवरचा दगड उतरेल. बघ तरी."

जुईलीनं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मला कॅन्सर झाला होता. मी बरी झालेय. मला परत शिकायचंय, आणि आमच्याकडे फीला पैसे नाहीत."

काय सांगू मुलांनो! तो एकेक शब्द तिच्या ओठांवरून सोनेरी काजव्यासारखा उडाला. लुकलुकत, भिरभिरत ते सगळे कुंपणावरून गेले आणि कॉलेजच्या एका उघड्या खिडकीत शिरले. ती खिडकी प्राचार्या गुंजाळबाईंची होती. बाई फार कडक. पण त्या क्षणी त्या चष्मा कपाळावर तसाच ठेवून, एका पायातली चप्पल विसरून धावत बागेत आल्या.

जुईलीनं पटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाईंनी ते हात हळूच खाली घेतले.

"अगं जुईली, कॅन्सर? आणि आम्हाला कावीळ कळवलीत?" बाईंनी विचारलं. "मी तुझं नाव कमी केलं गं! आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात पैसे ठेवलेत, मोठ्या आजारातून उठून परत येणाऱ्या मुलांसाठी. फी, पुस्तकं, तपासणीला शहरात जायचं बसभाडं, सगळं त्यातून द्यायचं. कित्येक वर्षं तसेच पडून आहेत. कुणी मागायला येतच नाही! कुणी कावीळ सांगतं, कुणी मामाकडे गेलो होतो म्हणतं. मी कुणाला देऊ?"

"म्हणजे मला मिळतील?" जुईलीनं विचारलं.

"तुझ्यासाठीच आहेत ते. डॉक्टरांचा कागद घेऊन उद्या बाबांबरोबर ये. आणि नाव मी आजच परत लावते."

जुईलीचा जीव भांड्यात पडला. इतके महिने तिनं श्वास अर्धाच घेतला होता, आता तो पुरता आत गेला, बकुळीच्या वासासकट. ती रडली आणि हसली. बाईंनी डोळे पुसून चष्मा शोधायला सुरुवात केली, तेव्हा तो कपाळावर आहे हे तिनंच त्यांना सांगितलं.

परीला रुमालात गुंडाळून ठेवून जुईली घरी आली, तेव्हा आई दारातच उभी होती. मोकळं डोकं पाहून ती पुढे धावली. "जुई! रुमाल कुठाय? कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी पाहिलं, आई. मी खरं सांगितलं." आणि जुईलीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्यानं कपाळावर हात मारला, "आता गं बाई! मिटलं सगळं!"

तेवढ्यात शेजारच्या तुळसाकाकू पदर सावरत आत आल्या. भिंती पातळ होत्या, त्यांनी सारं ऐकलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता बोलणी खायची. पण काकू खाली मान घालून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना दमा आहे म्हणून सांगतो आम्ही. दमा नाहीये तो. जुईचाच आजार आहे. कुठे नेलं होतं तुम्ही हिला?"

मग सगळ्यात आधी हलली ती आत्या! तिनं पाट मांडला. "बसा. मी सांगते. शहरात मोठा दवाखाना आहे, हिला भेटायला मी स्वतः जाऊन आलेय. घाबरू नका, आमची पोर बघा कशी ठणठणीत आहे!" असं म्हणून तिनं जुईलीला सगळ्यांसमोर मायेनं पुढे ओढलं.

आईनं लेकीच्या भुरभुरीत डोक्यावरून हात फिरवला. "सुटली गं बाई," ती म्हणाली. "शपथ सुटली. माझीही सुटका झाली." आणि ती जुईलीच्या खांद्यावर डोकं ठेवून मनमोकळं रडली. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी सारं ऐकलं, आणि पेटी उघडून सुयांच्या खुणा असलेल्या तिच्या हातात जांभळ्या चमचमत्या बांगड्या भरल्या.

काही दिवसांनी जुईली वर्गात बसली. खिडकीच्या चौकटीवर परी उभी होती, आणि तिच्या पाठीवर कोवळे कोवळे, इंद्रधनुष्याच्या रंगांचे पंख होते! तिनं ते एकदा फडफडवून पाहिले.

"चालले हं मी," ती कुजबुजली. "पंख आलेत, आता उडायला हवं. तूही अभ्यास कर."

तिच्याभोवती केशरी, मग पिवळा, मग शुभ्र उजेड झाला. अख्खा वर्ग त्या उजेडात न्हाऊन निघाला. तो निवला तेव्हा चौकट रिकामी होती, आणि गुंजाळबाई हजेरी घेत होत्या.

"जुईली?" बाई म्हणाल्या.

जुईली उठून उभी राहिली. आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बकुळीवरचे पोपट उडाले.

"हजर!"