पंधरावा प्रवासी

नाव पलीकडच्या घाटाला लागली तेव्हा बिल्ले निघाले चौदा आणि माणसं पंधरा.

घाटावरचे कारकून तिमाजीपंत यांनी दोनदा मोजलं. नाव सरकारी होती, राजे महिपतरावांची. अलीकडच्या घाटावर पैसा देऊन तांब्याचा बिल्ला घ्यायचा आणि पलीकडे उतरताना तो पंतांच्या हातात ठेवायचा. बिल्ल्याविना जो उतरेल त्याला पाच रुपये दंड, आणि दंड भरेपर्यंत चावडीत अटक. हा नियम राजांनी स्वतः लिहिला होता. त्यापायी त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही चावडीत बसवलं होतं.

पंधरावं माणूस येसू सुईणीच्या पदरात होतं. वय अर्धी घटका.

येसू कुंभाराच्या साळूला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला निघाली होती. येसूच्या हिशेबानं अजून पंधरा दिवस होते. तीस वर्षांत तिचा हिशेब दोनदाच चुकला होता, हा तिसरा. भर नदीत साळूला कळा सुरू झाल्या, पुरुषांनी पाण्याकडे तोंडं फिरवली, आणि काठ यायच्या आत मुलगी झालीसुद्धा.

"हिचा बिल्ला?" पंतांनी विचारलं.

"हिचा कसला बिल्ला? निघालो तेव्हा ही नव्हतीच."

"घाटावर नव्हती, मग नावेत कुठून आली?"

"तुम्ही जगात आलात तिथूनच."

पंत वाईट माणूस नव्हते. पण मागच्या महिन्यात एक माणूस मोजायचा राहिला, तेव्हा राजांनी दंड त्यांच्याकडूनच वसूल केला होता. "येसूबाई, मी सोडलं तर माझी नोकरी जाईल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही वर राजांकडेच चला."

पाच रुपये म्हणजे साळूच्या नवऱ्याची चार महिन्यांची मडकी. साळूला घाटावरच्या पडवीत निजवून, नावाड्याच्या बायकोला तिच्यापाशी बसवून येसू पोरीला घेऊन वाड्याच्या पायऱ्या चढली.

राजे सदरेवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पंतांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिनं नदी ओलांडली ना?"

"अर्धी, महाराज," येसू म्हणाली.

"नियमात अर्धी नदी नाही."

"मग माझं एवढं ऐका..."

"तुझं कशाला ऐकू? दंड ज्याला, त्याचंच मी ऐकतो. मेहुण्यासाठी राणीसाहेब बोलायला आल्या होत्या, त्यांचंही ऐकलं नाही. बिल्ल्याविना नावेत कशी आली, ते हिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं. सांगत नसेल तर दंड भरा, नाहीतर चावडी."

येसूनं पदरात पाहिलं. पोर मूठ तोंडात घालून झोपली होती. चावडीची गार फरशी येसूच्या डोळ्यांपुढे आली. तिनं पदर पोरीभोवती नीट गुंडाळून घेतला.

"ठीक आहे महाराज. सांगेल ती."

"कधी?"

"वर्ष-सव्वा वर्षात. मुली लवकर बोलतात."

"तोवर अटकेत राहील."

"राहू दे. अटकेतल्या माणसाला सरकारच जेवू घालतं ना?"

"दोन वेळा भाकरी."

"हिला दात नाहीत. हिला आईचं दूध लागेल, म्हणजे आईलाही चावडीत आणावं लागेल. ती ओली बाळंतीण. तिला खाट हवी, शेकायला शेगडी हवी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. अंगाला तेल लावायला रोज मी येईन. पाळणा टांगायला चावडीच्या आढ्याला कडी आहे का, ते बघायला हवं. बाराव्या दिवशी बारसं. गावातल्या बायका येतील, त्यांना घुगऱ्या."

दिवाणजी हे सगळं लिहून घेत होते. घुगऱ्यांपाशी त्यांची लेखणी थांबली. "महाराज, चावडी एकखणी आहे," ते म्हणाले.

"दुसरा खण बांधा," राजे म्हणाले. "नियम म्हणजे नियम. सव्वा वर्ष सांभाळू. पण उत्तर तिच्याच तोंडून घेईन."

पंतांनी येसूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"घ्या की," येसू म्हणाली. "दोन्ही काठांवरची मिळून पाचशे पोरं मी या हातांवर घेतलीत, महाराज. त्यातलं एकही पहिल्यांदा 'बिल्ला' म्हणालं नाही. सगळ्यांचा पहिला शब्द एकच. सव्वा वर्षानं तुम्ही विचाराल, 'पोरी, तुला नावेत कुणी आणलं?' ती म्हणेल, 'आई.' आणि आईकडे बिल्ला होता, पंतांनी तो मघाशीच घेतलाय. सव्वा वर्ष खाऊ घालून जे ऐकायचं, ते आजच ऐकलंत तर दिवाणजींचा कागद तरी वाचेल."

राजांनी अडकित्ता खाली ठेवला. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि मग ते इतके मोठ्यानं हसले की पोर जागी होऊन रडायला लागली.

"बघा, महाराज, बोलायला लागली," येसू म्हणाली.

"लिहून घ्या हो दिवाणजी," राजे डोळे पुसत म्हणाले. "दंड माफ."

"मग वहीत मी काय लिहू?" पंतांनी घाबरत विचारलं.

"चौदा चढले, पंधरा उतरले, एक वाटेत वाढलं. खाली सही मी करतो."

साळूला माहेरी न्यायला पालखी निघाली. सोबत तुपाचा बुधला आणि पोरीसाठी चांदीचे वाळे. येसूला राजांनी जरीकाठी लुगडं दिलं आणि म्हणाले, "आणखी काय हवं ते माग."

येसूनं थोडा विचार केला. "नावेच्या एका टोकाला आडोसा बांधून द्या, महाराज. आज सगळ्यांनी पाण्याकडे तोंडं केली होती खरी, पण एकजण सारखा वळून विचारत होता, मुलगा की मुलगी म्हणून."

आठ दिवसांत आडोसा बांधून झाला.