अडीचचं रिकामं मिनिट

एका गावात एक बाई रोज भिंतीला कान लावून बसायची. शेजारणींना वाटायचं, हिला लोकांची भांडणं ऐकायची खोड आहे. तसं नव्हतं. भिंतीपलीकडे तिच्या नवऱ्याचं रेडिओचं यंत्र होतं. गाणी लागतात तो रेडिओ नव्हे. या यंत्रावर ऐकताही येतं आणि बोलताही येतं. कोणाकडे ऐकायचं यंत्र वेगळं आणि बोलायचं वेगळं असतं. ज्यांना हा नाद असतो ते घरबसल्या शंभर कोसांवरच्या माणसाशी गप्पा मारतात. पगार नाही, बढती नाही, नुसती हौस. म्हणून त्यांना हौशी रेडिओवाले म्हणतात.

बाईचं नाव मंदाकिनी. नवरा दिगंबर, पंपदुरुस्तीचं दुकान चालवायचा. दर रविवारी सकाळी आठ वाजता आसपासच्या तालुक्यांतले नऊ रेडिओवाले हवेत, म्हणजे यंत्रावर, जमायचे. नऊच्या नऊ पुरुष. त्यांचे म्होरके नाना सरदेसाई, निवृत्त तारमास्तर. वादळी खरखरीतून आलेला बारीकसा आवाजही कुणाचा आहे ते नाना बरोबर ओळखायचे, आणि आपल्या कानांचा त्यांना भारी अभिमान होता. ते एकेकाची हजेरी घ्यायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "आपलं दार सगळ्यांना उघडं आहे. बायकाच येत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

मंदाकिनी पलीकडे भाकरी थापत हे ऐकायची. अशी बारा वर्षं ऐकत होती. कोणाला सर्दी झाली आहे, कोणाच्या छपरावरच्या, आवाज पकडणाऱ्या तारेवर कावळ्यानं घरटं बांधलं आहे, सगळं तिला ठाऊक असायचं. तिला फार वाटायचं, एकदा तरी या हजेरीत आपली खूण घेतली जावी. बाकी तिला काही नको होतं.

खूण म्हणजे काय, तेही सांगतो. परीक्षा पास झालं की सरकार परवाना देतं आणि प्रत्येकाला एक वेगळी खूण देतं. हवेत माणूस त्या खुणेनं ओळखला जातो. अक्षर ऐकण्यात चुकू नये म्हणून दर अक्षराला एक ठरलेला शब्द असतो. मंदाकिनीनं दुपारी दुपारी दिगंबरची पुस्तकं वाचून काढली, शहरात जाऊन परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तिच्या खुणेची शेवटची अक्षरं होती के आणि एल. म्हणजे किलो लीमा. घरात ती सून होती, दारात वहिनी, शाळेत मुलांची आई. किलो लीमा मात्र कोणाचीच कोणी नव्हती, ती ती स्वतः होती. तिनं परवाना यंत्राच्या वर खिळ्याला टांगला आणि रविवारची वाट पाहिली.

रविवार आला. हजेरी संपत आली तसं नानांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणी?"

दिगंबर अंगणात गेला होता. मंदाकिनीनं पलीकडे येऊन पिठाच्या हातानंच बटण दाबलं. "किलो लीमा. हजर."

मग नानांचा हसरा आवाज आला. "कोण, मंदावहिनी काय? वहिनी, दिगूला द्या की जरा."

त्या नऊ जणांत वाईट कोणी नव्हतं, हे ध्यानात ठेवा. पण इतकी वर्षं यंत्रावर बाईचा आवाज आला की तो निरोपाचाच असायचा. हे आंघोळीला गेलेत, हे आलेच एवढ्यात. तशा निरोपाचीच त्यांच्या कानांना सवय होती. मंदाकिनीनं पुन्हा आपली खूण सांगितली. नाना म्हणाले, "कळलं हो वहिनी, कळलं. चहा टाका तोवर." दिगंबर हसत हसत आत आला. "सवय न्हाई गं त्यास्नी. हुईल हळूहळू," म्हणाला, आणि त्यानं माइकसाठी हात पुढे केला. तिनं तो दिला. तव्यावरची भाकरी करपली होती. त्या दिवसापासून मंदाकिनी यंत्रावर एक शब्द बोलली नाही.

ऐकणं मात्र सुटलं नाही. दुपारी अडीच वाजता भांडी आवरून झाली आणि दिगंबर दुकानात गेला, की ती हेडफोन लावून बसायची. एका दुपारी खरखरीतून एका बाईचा आवाज आला.

"सीक्यू, सीक्यू." म्हणजे कोणीही ऐकत असाल तर उत्तर द्या. पुढची खूण अर्धी खरखरीत बुडाली. शेवटची दोन अक्षरं तेवढी कळली. "टँगो सिएरा. समुद्राकाठून बोलतेय. कोणी आहे का?"

मंदाकिनी पुढे सरकली. तिचा हात बटणाकडे गेला. मग तिला ते 'दिगूला द्या की जरा' आठवलं आणि हात मागे आला. उद्या बोलू, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तो आवाज आला, तिसऱ्या दिवशीही आला. टँगो सिएरा पाच वेळा हाक मारायची. मध्ये मध्ये थांबायची. कधी सांगायची, आज नारळ उतरवले. कधी सांगायची, इकडे वारं फार आहे. कोणी उत्तर देत नाही असं दिसलं की हळूच म्हणायची, "बरं. उद्या येते." मंदाकिनी सकाळपासून दुपारची वाट पाहू लागली. त्या आवाजाची तिला ओढ लागली. पण बटण काही दाबवेना. खूण पूर्ण ऐकू आली असती तर परवानेवाल्यांच्या छापील यादीत पत्ता सापडला असता, साधं कार्ड तरी टाकता आलं असतं. पण राहिलेली खूण विचारायची तर बोलावं लागणार, आणि ती तर बोलायचं सोडून बसली होती. दुसरं कोणीतरी देईल उत्तर, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

अशा एकोणीस दुपारी गेल्या. विसाव्या दुपारी ती पक्कं ठरवून बसली. बोट बटणावरच होतं. अडीच वाजले, पावणेतीन वाजले, तीन वाजले. आवाज आला नाही.

मग तिनं हाका मारल्या. "टँगो सिएरा, टँगो सिएरा, मी किलो लीमा." नुसती खरखर. आठवडाभर तिनं हाका मारल्या. तेव्हा तिला कळलं, की नानांनी आपल्याशी जे केलं तेच आपण तिच्याशी केलं. नानांनी निदान न कळून केलं. आपल्याला तर सगळं ऐकू येत होतं. त्या दुपारी ती पदर तोंडाशी धरून खूप रडली.

रेडिओवाल्यांत एक चांगली चाल आहे. हाक मारण्याआधी ते जरा थांबून ऐकतात, तिथे आधीच कोणी बोलत तर नाही ना. मंदाकिनीनं ही चाल थोडी लांबवली. रोज अडीचला ती यंत्रावर यायची, आपली खूण सांगायची आणि म्हणायची, "आता मी एक मिनिट गप्प बसते. हे मिनिट टँगो सिएराचं आहे. ती नसेल, तर जिला बोलावंसं वाटतं अशा कोणाचंही आहे." मग ती घड्याळ समोर ठेवून बसायची. मिनिट सरलं की म्हणायची, "बरं. उद्या येते."

दिगंबरनं एकदा हे पाहिलं. "रिकाम्या हवेशी कोण बोलतं गं?" त्यानं विचारलं.

"हवा रिकामी नसते. माझ्यावानी कुणीतरी ऐकत असंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिगंबरनं शिडी लावून तिची तार दोन हात उंच बांधून दिली.

तीन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. तेव्हा गावात फोन एकच, तोही पोस्टात. कार्ड दूरच्या एका शाळेतल्या मीनाक्षी नावाच्या बाईंचं होतं. लिहिलं होतं, "भावाच्या यंत्रावर रोज तुम्हाला ऐकते. यादीत तुमचा पत्ता मिळाला. मला परवाना नाही, म्हणून बोलता येत नाही. तुमचं मिनिट संपतं तेव्हा जिवाला हुरहूर लागते."

मंदाकिनीनं आपल्या परीक्षेच्या वह्या हातानं उतरवून काढल्या आणि पाठवून दिल्या. जे कागदावर समजेना ते शिकायला मीनाक्षीबाई रविवारी एसटीनं यायच्या. वर्षभरानं एका दुपारी त्या रिकाम्या मिनिटात एक नवी खूण उमटली, जरा घाबरत, जरा जास्तच मोठ्यानं. मंदाकिनीनं ती खूण दोनदा म्हणून दाखवली, एकदा नियमासाठी आणि एकदा मीनाक्षीबाईंना आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकता यावं म्हणून. मग एक नर्सबाई आल्या. मग एक बांगडीवाली आली, ती वह्या पाठ करताना गिऱ्हाईकाच्या हातात चुकीच्या मापाच्या बांगड्या चढवायची. पाच वर्षांत त्या सात जणी झाल्या. मंदाकिनी सगळ्यांची हजेरी घ्यायची, त्या गप्पा मारायच्या, आणि शेवटी ते मिनिट तसंच रिकामं ठेवलं जायचं. त्या मिनिटाला ती अजूनही टँगो सिएराची वाट पाहायची.

एका दुपारी तिथे ओळखीचा खोकला ऐकू आला. "मंदावहिनी, नाना बोलतोय. दिगू आहे काय?"

"हवेत वहिनी कोणी नसते, नाना. तुमची खूण सांगा."

नाना गडबडले. इतक्या वर्षांत त्यांना खूण कोणी विचारलीच नव्हती, लोक खोकल्यावरून ओळखायचे. त्यांनी खूण सांगितली.

"ऐकू आलात. आठवा नंबर तुमचा. थांबा."

सात जणींचं बोलणं होईपर्यंत नाना मुकाट थांबले. त्यांच्या जन्मात असा प्रसंग पहिलाच. आठवा नंबर आला तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "दार उघडं आहे असं मी म्हणत राहिलो. दारात मीच उभा होतो ते दिसलं नाही. चुकलं माझं, किलो लीमा."

नानांच्या तोंडून आपली खूण यावी, यासाठीच मंदाकिनीनं बारा वर्षं भिंतीला कान लावले होते. पण वाटलं होतं तेवढा आनंद तिला झाला नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. ते मिनिट अजून व्हायचं होतं.

सातव्या वर्षी आणखी एक कार्ड आलं. रेडिओवाल्यांची रीत अशी, की कोणाचा आवाज ऐकला तर त्याला कार्ड पाठवून कळवायचं. हे कार्ड साधंच होतं, कडेला समुद्री हवेनं पिवळं पडलेलं. त्यावर लिहिलं होतं:

"ऐकू आली: किलो लीमा. आवाज: अगदी स्वच्छ. वीज पडून माझं बोलायचं यंत्र जळालं. ऐकायचं तेवढं वाचलं. तुम्ही मला हाका मारत होता त्या सगळ्या ऐकल्या. आधी राग होता, की तेव्हा कुठे होता? राग गेला तेव्हा लाज वाटू लागली, की आता इतक्या उशिरा काय लिहायचं? उद्या लिहू म्हणत वर्षं गेली. काल तुम्हाला ताप होता, आवाजावरून कळलं. तरी मिनिटभर थांबलात. तुमचं गप्प बसणंसुद्धा इकडे ऐकू येतं. टँगो सिएरा. माझं नाव शालन."

मंदाकिनीनं दुपारी कार्ड वाचून दाखवलं. सगळ्यांच्या आधी नानाच बोलले, आणि आपला नंबर नसताना बोलले. "माझं बोलायचं यंत्र तिला पाठवा. चाळीस वर्षं बोललो मी. आता जरा ऐकतो."

दिगंबरनं ते यंत्र गोणपाटात गुंडाळलं, एसटीच्या सीटवर मांडीवर घेऊन समुद्राकाठी नेलं आणि नारळीच्या दोन झाडांना तार बांधून दिली.

त्यानंतरच्या मंगळवारी अडीचला हजेरी झाली. मंदाकिनी म्हणाली, "आता एक मिनिट मी गप्प बसते." तिनं बटण सोडलं. घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच खरखरीतून तो बारीक आवाज आला.

"किलो लीमा. मी टँगो सिएरा."

भेट झाली तर काय बोलायचं, हे मंदाकिनीनं सात वर्षांत किती वेळा घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "टँगो सिएरा, ऐकू आलीस. पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतीस. मी उत्तर दिलं नाही."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग शालन म्हणाली, "आज दिलंत ना." आणि त्या दोघी नारळाबद्दल आणि वाऱ्याबद्दल बोलत राहिल्या, जणू परवाच बोलणं अर्धं राहिलं होतं. निघताना शालन सवयीनं म्हणाली, "बरं. उद्या येते."

"ये. मी आहे," मंदाकिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टँगो सिएराचं नाव हजेरीत आलं. आता त्या मिनिटाचं काय करायचं, असं मीनाक्षीबाईंनी विचारलं. मंदाकिनीनं घड्याळ समोर ओढलं आणि ते मिनिट तसंच ठेवलं. कुठल्या भिंतीपलीकडे, कुठल्या चुलीपाशी, कोण ऐकत बसली असेल, ते कुठे आपल्याला ठाऊक असतं?

तात्पर्य: दार उघडं आहे एवढं म्हणून भागत नाही, जी बाहेर थांबली आहे तिच्यासाठी जागा मोकळी ठेवावी, तिला तिच्याच नावानं हाक मारावी, आणि तिची हाक आली तर उत्तर उद्यावर टाकू नये.