दोडक्याच्या मांडवातल्या चार रिमा

“…मग उस्ताद, एकवीस घेऊ की तेवीस?”

गार्गीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा अमीन उस्तादांनी उत्तरादाखल चहाचा घोट घेतला होता.

वाईला, पसरणी घाट सुरू होतो तिथं उस्तादांचं सायकलचं दुकान. गार्गी शेंडे त्यांची चेली. चाकाचा बाक काढायला इथंच शिकली, मग पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली, आणि तेव्हापासून तिचे प्रश्न मिलिमीटरमध्ये येऊ लागले. उस्ताद चौथी नापास. शाळेत शेजारच्या बाकावर मीच होतो, म्हणून ठाऊक; आताही दुकानात शेजारीच बसलो होतो.

तिला चाकाच्या रुंद रिमा हव्या होत्या, एकवीस नाहीतर तेवीस मिलिमीटरच्या. त्यावर बिनट्यूबचा जाडा टायर, आत भोक आपोआप बुजवणारा पांढरा चीक, हवा कमी, खड्डा लागत नाही. रविवारी क्लबबरोबर पाचगणीहून खाली येताना तिला पहिलं यायचं होतं. सायकल मात्र वडिलांची, जुनी रेसर. ब्रेकची दोन रबरं थेट रिमलाच चिमटीत धरतात, तसली.

उस्तादांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं. टायर आणि ब्रेक यांच्यामधल्या फटीत सरकवलं. गेलं. घडी घालून सरकवलं.

अडकलं.

“एकोणीस,” ते म्हणाले. “त्याच्यावर गेलीस तर टायर फुगून वर ब्रेकला घासणार. ब्रेकला हात दोनच, बेटा. उघडून उघडून किती उघडतील?”

गार्गीचं तोंड उतरलं. एकोणीसवर कुठं जग जिंकता येतं?

त्यात आणखी एक दुखणं तिनं सांगून टाकलं. बाबांचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेले. डॉक्टरांनी आता सायकल चालवा म्हटलंय, तर रविवारी मीपण येतो म्हणून बसलेत, घरातली दुसरी सायकल पुसूनही ठेवलीय. तिनं सरळ नाही म्हटलं होतं.

“उतारावर ब्रेक धरूनच येतात ते, उस्ताद. लहानपणी मी बघायचे ना. ते पुढं, मी मागं. मला पुढं जाऊही द्यायचे नाहीत. घाबरट आहेत.”

उस्तादांनी चहा संपवला.

कप ठेवून उठले. दुकानामागं दोडक्याचा मांडव आहे. वेल चढवलाय चार जुन्या रिमांवर. उस्तादांनी पानं बाजूला केली, तिचा अंगठा धरला आणि एका रिमच्या कडेवर टेकवला.

कड बशीसारखी खोल गेली होती. दुसरीची तशीच. तिसरीची तशीच. चौथीची तर पापडासारखी पातळ.

“एवढा ब्रेक कुणी दाबला?” तिनं विचारलं. दर वेळी ब्रेक धरला की रबर रिमला थोडं खातं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“तू आणलीस ना, तीच सायकल. तिच्या मागच्या चाकाच्या आहेत.”

मग उस्तादांनी सांगितलं, शेंडे मास्तरांची, म्हणजे तिच्या बाबांची, एक रिम आठ-आठ वर्षं जायची. एकटे घाट उतरायचे तेव्हा दूधवाले कॅन घेऊन कडेला उभे राहायचे, इतका माणूस सुसाट. आणि मग एकाएकी चार वर्षांत चार रिमा.

“कुठली चार वर्षं?”

“तुला लाल सायकल आणली, तिथून पुढची.”

…

एक दोडका तिच्या कानाला लागत होता. तो तिनं हटवला नाही.

मग तिनं फोन काढला आणि पाठ करून उभी राहिली. बाबांशी एवढंच बोलली, की रविवारी सहाला तयार राहा. आणि उतारावर मी पुढं असेन, मला ओलांडायचं नाही.

परत आली ती ग्रीसच्या हातानं नाक पुसत. चांगली झुपकेदार मिशी उमटली. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.

“एकोणीसच घाला, उस्ताद,” ती म्हणाली. “ही रिम किती वर्षं टिकेल?”

उस्तादांनी जुन्या चाकाची पहिली तार सैल केली.

“टिकू नये, अशीच दुवा करतो.”