पुकारून दिलेला आहेर

कंपनी आली व्यापाराला आणि बसली राज्य करायला. तिच्या साहेबांनी नजराण्यांनी घरं भरली, तेव्हा विलायतेच्या पार्लमेंटानं कायदाच केला, की कंपनीच्या नोकरानं रयतेकडून नजराणा घ्यायचा नाही.

बंदरावरच्या टॅपस्कॉट साहेबाचा जीव मात्र रेवाबाईंच्या मोत्यांच्या कंठ्यात अडकला होता. त्याच्या परवान्याशिवाय रेवाबाईंची गलबतं हलत नसत. त्या लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन गेल्या, तेव्हा तो हसत म्हणाला, "बंदी नजराण्याला आहे, आहेराला नाही. कंठा मला मांडवात आहेर म्हणून द्या, नाहीतर गलबतं इथंच कुजतील."

"बरं," रेवाबाई म्हणाल्या.

लग्नात टॅपस्कॉटच्या शेजारी त्याचे वरिष्ठ बसले होते, चांगलं मराठी जाणणारे. रेवाबाई तबकात कंठा घेऊन आल्या. मागोमाग खड्या आवाजाचा गुरव आला.

"हा कशाला?" टॅपस्कॉट कुजबुजला.

"आमच्यात आहेर पुकारून देतात, साहेब. कुणी, कुणाला, काय दिलं ते अख्ख्या मांडवाला ऐकू जातं. गुपचूप दिला तर तो नजराणाच की."

टॅपस्कॉटनं शेजारच्या वरिष्ठांकडे चोरून पाहिलं. "मला काही नको."

"मग तुम्हीच द्या काहीतरी. मांडवातून पुकाऱ्याला गप्प कसं पाठवू?" रेवाबाईंनी गुरवाला खूण केली.

"टॅपस्कॉट साहेबांकडून नवरीच्या आईला..." गुरव गरजला आणि थांबला. सगळा मांडव कान टवकारून बसला. वरिष्ठही वळून बघू लागले.

टॅपस्कॉट बारीक आवाजात म्हणाला, "गलबतांचा परवाना."