दोर धरणारा

एकदा एका वाळवंटात, तांबड्या दगडाच्या सुळक्यांमध्ये, एक वृद्ध वाटाड्या राहत होता. तिथला दगड वाळूचाच झालेला, युगानुयुगे दाबून घट्ट बसलेला. नख लावून खरवडला तर पुन्हा वाळू होणारा. सुळक्यांच्या मधून खोल, अरुंद घळी गेलेल्या होत्या आणि व्यापाऱ्यांचे उंटांचे तांडे त्यांतूनच ये-जा करत. पाऊस क्वचित पडे. पण पडला की कुठेतरी दरड कोसळे आणि कालची घळ आज बंद होई. म्हणून तांडा निघण्याआधी कोणीतरी उंच सुळक्यावर चढून कोणती घळ मोकळी आहे हे पाहून यावे लागे. वृद्धांनी आयुष्यभर हेच काम केले. गुडघे ऐकेनासे झाले तेव्हा त्यांनी दोन शिष्य हाताशी घेतले.

थोरला आधी आला. कोणता दगड भरीव वाजतो, कोणता पोकळ, कोणत्या खोबणीत बोटे घालावीत, कोणत्या कंगोऱ्यावर कधीही भार देऊ नये, हे सारे त्याने कष्टाने शिकून घेतले. धाकटा मागाहून आला आणि तेच सारे जणू खेळता खेळता शिकला. तो चढू लागला की पाहणारे हातातले काम थांबवत.

"दादा, तू प्रत्येक दगडाची आधी चौकशी करतोस," धाकटा म्हणे. "गाव कोणतं, गोत्र कोणतं. सोयरीक जुळवायची आहे का?"

"आणि तू?"

"मी पाहुणा. आलो, पाणी प्यायलो, पुढं गेलो."

सगळे हसत. थोरलाही हसे.

हेवा मनात केव्हा शिरला हे थोरल्याला सांगता आले नसते. धाकट्याशी बोलताना वृद्ध हसले की तो हसण्याचे कारण शोधू लागे. गुरूंनी भाकरी वाढली तर मोठा तुकडा कोणाकडे गेला, हे त्याला न बघता समजे. धाकट्याने ज्या कड्यावर सहज पाऊल टाकले, तिथे तो दुसऱ्या दिवशी एकटाच जाई आणि बोटे सोलून परत येई. धाकटा चढताना दोर मात्र नेहमी थोरल्याच्याच हाती असे. चढणारा जाता जाता दोर दगडाच्या एखाद्या भक्कम खुंटीमागून घेई आणि खालचा माणूस तो स्वतःच्या पाठीवरून घेऊन, धोंड्याला पाय रोवून बसे. वरच्याचा पाय सुटला तर झटका खालच्याने अंगावर घ्यायचा. दोर सुटला तर वरचा संपला.

एकदा पाऊस पडून गेल्यावर एक व्यापारी मोठा तांडा घेऊन आला. वृद्धांनी त्याला थांबवून ठेवले. ओल्या वाळूदगडाचा भरवसा नसतो; वरून सुकलेला दिसतो आणि आतून भुसभुशीत असतो. सुळक्याच्या पायथ्याची वाळू मनगटापर्यंत खोल उकरली आणि तीही कोरडी लागली, तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला.

"धाकटाच चढेल ना?" व्यापाऱ्याने विचारले. "मागच्या खेपेला पाहिला होता त्याला. काय पोरगा आहे! हा दुसरा काय, दोर धरायला ठेवलाय?"

थोरल्याने ते ऐकले. वृद्ध एकीकडे बसून दोर बोटांतून सरकवत तपासत होते, तिथे तो गेला.

"बाबा, आज दोर मला देऊ नका."

"हात दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"तो वर गेला की माझ्या मनात येतं, पडावा. आजचंच नाही, नेहमी येतं. अशा माणसाच्या हाती त्याचा जीव देऊ नका. त्याचा मामेभाऊ आलाय तांड्याबरोबर. अंगानं दणकट आहे, धाकट्यावर जीव टाकतो. त्याला द्या."

"तो मोठ्यानं हसतो तो?"

"हो, तोच."

वृद्धांनी दोराचे शेवटचे वेढे तपासले, गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि दोर थोरल्याच्या खांद्यावर टाकला. "चल. ऊन चढेल."

थोरल्याला वाटले, त्यांना ऐकूच आले नसावे.

धाकटा चढू लागला. खाली मामेभाऊ टाळ्या पिटत होता. "शाब्बास रे वाघा! शेठ, बघताय ना? आमच्या आत्याचा मुलगा आहे!" व्यापारी मान वर करून पाहत होता. उंटवाले पाहत होते. थोरला मात्र धाकट्याच्या पावलांखेरीज काहीच पाहत नव्हता. डावा पाय कुठे टेकला, टाच किती उचलली, कोणत्या पकडीवर तो जरा जास्त विसंबला, सारे त्याला दिसत होते. मनात तोच जुना विचार येऊन बसला होता.

वर एक पुढे आलेला कडा होता. त्याच्या पोटात ऊन पोचत नसे. धाकट्याने तिथल्या कंगोऱ्याकडे हात नेला आणि थोरल्याला दिसले की त्या जागी दगडाचा रंग किंचित गडद आहे. ओल. एका श्वासाएवढा अवधी होता. त्याचे तोंड उघडले नाही. पण हातांनी तेवढ्यात दोराचा सारा झोळ ओढून घेतला होता आणि पाय धोंड्याला भिडले होते.

कंगोरा मूठभर वाळू होऊन निखळला. धाकटा मागच्या मागे खाली आला. दोर ताणला, थोरला जागेवरून फरफटत पुढे गेला, पाठीची कातडी सोलली, तळहात भाजले. पण दोर सुटला नाही. धाकटा अधांतरी झुलला, खांदा कड्यावर आदळला आणि तो लटकत राहिला. मामेभाऊ अजून व्यापाऱ्याकडे बघत हसत होता. काय झाले ते त्याला किंकाळ्या ऐकून समजले.

थोरल्याने धाकट्याला हळूहळू खाली उतरवले. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ जागेवर होती. "दादा, एवढं आवळलंस की कंबरच मोडायची! आजवर कधी दोरात बोटभर ढील ठेवलीस का रे?"

धाकट्याचा खांदा बांधून झाल्यावर थोरला वृद्धांकडे आला. "बाबा, मला ओल दिसली होती. मी ओरडलो नाही."

"पाहिलं मी. पुढच्या वेळी ओरडायला शीक. ओरडायला शिकवता येतं. असं बघायला कोणाला शिकवता येत नाही." त्यांनी त्याचे तळहात उलटून पाहिले. "मामेभावाचं त्याच्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण कौतुक करणारा चेहऱ्याकडे बघतो, आणि आपलं कौतुक लोकांना दिसतंय की नाही, तेही बघतो. पावलांकडे कोण बघतं? ज्याच्या मनाला ती पावलं टोचतात तो. त्याचं चुकतं कुठे हे शोधत तू इतके दिवस बसलास, म्हणून आज चुकलं ते सर्वांआधी तुला दिसलं."

"आणि मी दोर सोडला असता तर?"

"ज्याला सोडायचा असतो, तो आधी येऊन सांगत नाही. तू सकाळी मामेभावाचं नाव घेऊन आलास, तेव्हाच मला कळलं की धाकट्याचा जीव तुला प्रिय आहे. हेवा आहे, तो आहे. हेवा जाईपर्यंत थांबलो असतो, तर धाकट्याचा दोर कोणी धरला असता?"

दूरच्या पठारावर पुन्हा ढग जमू लागले होते. घळ पाहिल्यावाचून तांडा हलू शकत नव्हता आणि धाकट्याचा हात आता वर उचलला जात नव्हता. वृद्धांनी सुळक्याच्या दुसऱ्या अंगाकडे बोट केले. तिथे दिवसभर ऊन पडणारी एक लांबलचक भेग होती. वाट लांबची, पण कोरडी. थोरल्याने सोललेल्या तळहातांना फडकी गुंडाळली आणि कमरेला दोर बांधला.

"मी धरतो, दादा," धाकटा बसल्या जागेवरून म्हणाला. "एक हात आहे अजून."

"तू घारी मोजत बसशील," वृद्ध म्हणाले. "तुला याचा कधी हेवा वाटलाय का? तू बस." आणि त्यांनी दोर स्वतःच्या पाठीवरून घेतला, धोंड्याला पाय रोवले.

थोरला थबकला. आपण चढताना दोर कोण धरते, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. धाकट्याला काय मिळते ते बघण्यात ते राहून गेले होते. आता एकेक चढाई आठवू लागली. तो चढला तेव्हा दोर प्रत्येक वेळी याच म्हाताऱ्या हातांत होता.

"बाबा," तो चाचरत म्हणाला, "मग तुम्हाला... माझा हेवा वाटतो?"

वृद्धांनी आधी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिले, मग स्वतःच्या. "तर काय," ते म्हणाले. "त्या भेगेत मी आता या जन्मात हात घालणार नाही. चढ. डावा पाय आधी."

थोरला चढू लागला. वाटेत त्याने एकदाही खाली पाहिले नाही. आपल्या प्रत्येक पावलावर कोणाची नजर आहे हे त्याला ठाऊक होते. माथ्यावरून त्याने घळी पाहिल्या आणि हात उंचावून पूर्वेकडची मोकळी असल्याची खूण केली. खालून सर्वांत मोठी आरोळी धाकट्याची आली. ती ऐकून थोरल्याच्या मनात काहीतरी पुन्हा टोचले, आणि त्याने ते टोचू दिले.

ज्याचा हेवा वाटावा असा माणूस डोळ्यांसमोर आहे, तोवर त्याचा दोरही आपल्या हाती येऊ शकतो. माणूस निघून गेल्यावर हेवाही उरत नाही, आणि धरायला दोरही.