सारसांमधली लाल रेघ

एका शहरात वामन कासार नावाचा एक कलावंत राहत होता. त्याचे वाडवडील काचेच्या बांगड्या विकत. वामन काचेच्या नळ्या आचेवर वाकवी आणि त्यांत निऑनचा लाल उजेड भरी. पूर्वी दुकानांच्या पाट्या करता करता त्याला उसंत नसे. पुढे स्वस्त दिवे आले आणि वामनची आच विझत चालली.

अशात मेट्रोच्या नव्या स्टेशनासाठी सारसांची जोडी घडवायचे काम त्याच्याकडे आले. वामनने त्यात जीव ओतला. दोन्ही पक्षी एकाच अखंड नळीचे होते. एका पक्ष्यातून दुसऱ्यात जाणारा नळीचा मधला भाग उजळून दिसू नये म्हणून त्यावर काळा रंग द्यायचा असतो. उद्घाटनाच्या घाईत नेमका तोच राहिला.

पडदा सरला. सारस झळकले, आणि त्यांच्या मधोमध एक वेडीवाकडी लाल रेघही झळकली.

मेट्रोचे मोठे साहेब मात्र खूश. "वा, वामनराव! ही रेघ म्हणजे माणसांना जोडणारी आपली मेट्रोच! काय कल्पना! पुढच्या स्टेशनाचं कामही तुम्हालाच."

नुसती मान डोलावली असती तरी भागले असते. पण वामनची मान काही हलेना.

"साहेब, ती मेट्रो नाही. माझी चूक आहे. काळा रंग द्यायचा राहून गेला."

टाळ्या थांबल्या. साहेबांचा चेहरा उतरला. "मग झाका ती. आत्ताच!"

दिवा बंद झाला. वामन कुंचला घेऊन शिडी चढू लागला, तोच गर्दीतून हिराकाकू नावाच्या एक प्रवासी पुढे आल्या.

"अहो, थांबा! लग्नात उपरण्याला शेल्याची गाठ मारतात ना, अगदी तश्शी दिसत होती. आमचे हे असते तर म्हणाले असते, बघ, इथंही पुढे तीच, आणि मागे ओढला जातोय बिचारा!"

सगळे खो खो हसले. काकूही हसल्या, आणि चष्मा पुसू लागल्या.

साहेबांनाही हसू आवरेना. "उतरा खाली, वामनराव. राहू द्या ती गाठ. पुढचं काम तुमचंच. फक्त तिथे काळा रंग विसरू नका!"

"विसरलोच, तर पडद्याआधी सांगेन," वामन म्हणाला.

आता त्या स्टेशनात कुणाला भेटायचे असले, की लोक एकमेकांना सांगतात, "गाठीपाशी ये."

तात्पर्य: आपल्या चुकीवर खोट्या अर्थाचा मुलामा चढवू नये. सरळ कबूल केलेली चूक लोक आपलीशी करतात.